पंडिता रमाबाई आणि त्यांच्या आश्रित मुली

मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा रिवाज आहे. यंदा पंडिता रमाबाईंवर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. बाईंचे नाव ठाऊक नाही अशी भगिनी आपल्यात विरळाच. त्यांची विद्वत्ता, शारदा सदन, त्यांचे ख्रिस्ती होणे आणि केडगावचे मुक्ती सदन एवढे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु या चरित्राकडे आणखी एका बाजूने पाहता येते. बाईंच्या आयुष्याचा पहिला भाग बहुतांशी दुसऱ्यांच्या आश्रयाने गेला आणि उरलेला दुसऱ्यांना आश्रय देण्यात गेला. मदत घेणाऱ्याला काय सोसावे लागते आणि मदत देणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता येते, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यात इतक्या स्पष्ट क्वचितच पाहावयास मिळतात. आपले मंडळ दुष्काळात धान्य वाटते, आईबाप ऊसतोडणीला गेले की मागे राहिलेल्या मुलांची चौकशी करते. तेव्हा हे चरित्र आपल्या कामाच्या जवळचे आहे, असे समजून ते मी येथे देत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकात सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. पुढे आईने पहाटे, घरकाम सुरू होण्यापूर्वी, लहान रमेला शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराण सांगे आणि लोक देतील त्या दक्षिणेवर राही. तसे पाहिले तर हेही लोकांच्या देण्यावर जगणेच. परंतु त्यात मान होता. पुराणिकाला देणारा आपणच पुण्य जोडतो असे मानी. घेणाऱ्याची मान त्यात खाली जात नसे.

ती खाली गेली दुष्काळात. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नाची टंचाई पडली, दक्षिणा देणारे हात आखडले, आणि भांडीकुंडी विकून संपल्यावर या कुटुंबावर उपासमारीची पाळी आली. शास्त्रीबुवांची दृष्टी गेलेली. शरीरकष्टाची कोणालाच सवय नाही, आणि मोलमजुरी मागावी तर कुळाचा अभिमान आड येई. अकरा दिवस त्यांनी रानात पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. प्रथम वडील गेले. मग दोघी मुली आणि मुलगा श्रीनिवास आजारी आईला घेऊन रायचूरला आले. रायचूर तेव्हा आपल्या बीडप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते.

तेथे घडलेली गोष्ट बाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. आई तापाने फणफणलेली, आणि तिला काहीतरी खावेसे वाटे. शेजारी एक ब्राह्मण बाई राहत असे. ती कधीमधी गोड बोले. सोळा वर्षांची रमा तिच्या दारी गेली खरी, पण तोंडून शब्द फुटेना. मागणे म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हते. त्या बाईने चेहऱ्यावरून ओळखले, आपणहून विचारले, आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा तिच्या हाती ठेवला. रमेला आभारही मानता आले नाहीत. ती भाकरी घेऊन पळतच आईकडे आली. आईला ती खाववली नाही. थोड्याच दिवसांत आईही गेली. प्रेताला खांदा द्यायला कोणी येईना. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ आणि चौथी रमा. ती उंचीने कमी पडे, म्हणून तिने ताटीचा भार डोक्यावर घेतला आणि तीन मैल चालली.

बाजरीची भाकरी आपल्या घरात रोजची, म्हणून हा प्रसंग मी जरा लांबवून सांगितला. त्यात देणारीचा मोठेपणा आहे तो तिने भाकरी दिली एवढ्यातच नव्हे. मुलीला मागावे लागू नये म्हणून तिने स्वतःच विचारले, यात आहे. पुढे बाईंना मोठमोठ्या देणग्या मिळाल्या. पण अशा रीतीने देणारे फार थोडे भेटले.

थोरली बहीणही गेली. मग भाऊ-बहीण पायी हिंडत राहिले. चार हजार मैलांचा तो प्रवास. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमेची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, आणि एका रात्रीत तिचे नाव देशभर झाले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातिबंधन न मानता विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये कन्या मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. पंचविशीच्या आत बाईंच्या मागे माहेर नाही, सासर नाही, पदरात तान्ही मुलगी.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे सांगितले आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या पैशातून त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडची वाट धरली. मनात वैद्यकी शिकावयाचे होते. वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ होता. त्याच मठाच्या भगिनी पुण्यात काम करीत. त्यांनी बाईंना ठेवून घेण्याचे कबूल केले. बाईंनी मात्र एक अट घातली. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना आपण मराठी शिकवू आणि त्याच्या बदल्यात राहू. फुकट नको. भाकरीच्या त्या तुकड्यानंतर नऊ वर्षांनी त्या पुन्हा दुसऱ्याच्या दारी गेल्या होत्या, पण या वेळी हातात देण्यासारखे काहीतरी घेऊन.

निघताना, धर्म बदलण्याचा आपला विचार नाही, असे त्यांनी पुण्यात सांगितले होते. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. परक्या मुलुखात, परक्या लोकांत या दोघी. वाँटेजला पोहोचल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाईंनी आत्महत्या केली. त्या घावानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. आपण हे विचारपूर्वक केले, मठाच्या भगिनी पतित स्त्रियांना ज्या मायेने सांभाळीत ते पाहून आपले मन वळले, असे त्या शेवटपर्यंत सांगत. त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. तथापि, ज्यांचे अन्न आपण खातो त्यांचाच धर्म आपल्याला पटला असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याच्या मनात शंका येतेच. ही शंका पुढे बाईंच्या आश्रयाला आलेल्या मुलींबद्दलही घेतली जाणार होती.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणून मठाला मऊ मेण मिळाले, असे कोणी समजू नये. सिस्टर जेराल्डीन या भगिनीवर बाईंच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी होती. रमाबाई आणि मनोरमा तिला प्रेमाने आजीबाई म्हणत. प्रेम दोन्हीकडून खरे होते. पण आजीबाईंची अपेक्षा अशी की, शिष्येने सांगितलेले मानावे. बाई प्रश्न विचारीत. त्रिमूर्तीसारखा त्यांचा पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचा सिद्धांत बायबलात कोठे आहे, म्हणून त्या अडून बसत. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, म्हणत. अंडे घातलेला पदार्थ खात नसत, तर त्याला जातीचा ताठा म्हटले गेले. मुलीला काय शिकवावे यावरूनही वाद झाले. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्यावर, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी सूचना निघाली. लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी तीत मोडता घातला. आपल्या देशात शेकडो पुरुषांच्या सभेत व्याख्याने दिलेल्या बाईंना हे फार लागले. शिष्या हवी आहे, बरोबरीची बाई नको आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या उत्तरांचा मथितार्थ असा की, मी तुमची ऋणी आहे, पण माझी सदसद्विवेकबुद्धी तुमच्याकडे गहाण ठेवलेली नाही. मदत घेऊनही हे असे स्पष्ट लिहिता येणे ही साधी गोष्ट नव्हे. संस्कृताचे भांडार पाठीशी होते म्हणून ते त्यांना साधले. ज्या आश्रितेला लिहिता येत नाही तिचे म्हणणे कोणत्या पत्रात राहणार?

कानाच्या बहिरेपणामुळे वैद्यकीचा नाद सोडावा लागला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी बाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे अडीच-तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसा पुरवण्याचे त्याने पत्करले. अट एवढीच की, शाळेत धर्माचा प्रचार होऊ नये. येथे बाईंच्या कामाची दुसरी अडचण सुरू झाली. पैसा मिळवायचा तर विधवांचे दुःख परक्यांपुढे उघडे करून दाखवणे भाग. आपल्या घरातील लक्तरे बाहेर धुतली म्हणून हिंदुस्थानात पुष्कळांनी त्यांना दोष दिला. स्वामी विवेकानंद अमेरिकेत असताना रमाबाई असोसिएशनच्या शाखांशी त्यांचा याच मुद्द्यावरून वाद झाला. विधवांचे हाल खरे होते, ते सांगायलाच हवे होते, असे माझे मत आहे. परंतु ज्यांचे हाल सांगितले त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. पुढे दुष्काळातील हाडांचे सापळे झालेल्या मुलींची छायाचित्रे मिशनच्या पुस्तकांतून छापली गेली. आपल्याकडे साडीवाटपाचा फोटो काढताना घेणारीचे तोंड कॅमेऱ्याकडे वळवून धरतात, त्याची येथे आठवण होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. बाईंनी मुलींना जे दिले ते त्या काळी माहेरीही मिळत नसे. केस काढलेल्या, एक वेळ जेवणाऱ्या, घरात अपशकुनी ठरलेल्या पोरींना त्यांनी जवळ बसविले, लाडाने वाढविले, शिकविले. ज्यांना आपल्या जातीचा आचार पाळावयाचा त्यांच्या स्वयंपाकपाण्याची सोय वेगळी ठेविली. देवपूजेला मनाई नव्हती.

वाद झाला तो दारावरून. बाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, आणि दार उघडे असे. कोणी मुलगी आत येऊन बसली तर बाई नाही म्हणत नसत. हळूहळू बऱ्याच मुली बसू लागल्या. सल्लागारांचे म्हणणे, दार लावा. तुम्ही धर्मशिक्षण देणार नाही असा करार आहे. बाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावीत नाही. माझ्या घराचा कोणताही भाग मुलींना बंद नाही, मग प्रार्थनेच्या वेळीच का बंद करू? 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली सदनातून नेल्या.

दोन्ही बाजूंनी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण या दाराचा विचार मुलीच्या जागी बसून कोणी फारसा केलेला नाही. दार उघडे होते, सक्ती नव्हती, हे मान्य. गोदूबाई चार वर्षे सदनात राहिल्या आणि हिंदूच राहिल्या. १८९३ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या बाया कर्वे म्हणून प्रसिद्धीस आल्या. तेव्हा नकार देता येत होता. परंतु सगळ्याच गोदूबाई नसतात. जिने आपल्याला नरकातून बाहेर काढले, जी आपल्या ताटात वाढते, तिच्या खोलीत रोज संध्याकाळी काय चालते ते पाहावे आणि तिला बरे वाटावे, एवढे कोणत्याही पोरीच्या मनात येणारच. येथे बोलावण्याची गरजच पडत नाही. वाँटेजच्या मठात बाईंना जे दडपण जाणवले होते ते त्यांच्या स्वतःच्या उंबरठ्यावर होते. पण उंबरठ्याच्या आतून ते दिसले नाही.

आणि सल्लागारांचे काय? दार बंद करा असे सांगणाऱ्या थोर पुरुषांनी किंवा मुली परत नेणाऱ्या पालकांनी तरी मुलींना विचारले का? त्यांनाही मुलगी म्हणजे ठेव. ती कोणाच्या ताब्यात असावी एवढाच वाद. सदनातून काढून नेलेल्या पोरी पुन्हा त्याच कोपऱ्यात, त्याच अलवणात गेल्या असतील, याची खंत त्या वादात फारशी दिसत नाही.

सदन मोडले नाही. नव्या मुली आल्या. पण बाईंचे खरे मोठे काम १८९६-९७ च्या दुष्काळात झाले. मध्यप्रांतात माणसे मरत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा रायचूरची ती मुलगी त्यांच्या मनात जागी झाली असावी. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी कामे, गरीबखाने, रस्त्याकडेची झाडे, सर्व हिंडून पाहिले. तेथे जे दिसले त्याविषयी त्यांनी फार धिटाईने लिहिले. भुकेल्या माणसांच्या छावणीत शिधा आणि कामाची हजेरी ज्याच्या हाती, त्याच्या हाती तरण्या मुलींची अब्रूही असते, हे त्यांनी उघड सांगितले. मुलींना पळविणारे, विकत घेणारे दलाल छावण्यांभोवती घिरट्या घालीत. बाईंनी तीनशे मुलींची जबाबदारी उचलली, त्या वेळी हाती पैसा जवळजवळ नव्हता.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग आला. दुष्काळी मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली. पुणे-सोलापूर लोहमार्गावर दौंड तालुक्यात केडगाव येथे बाईंनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन फळबागेसाठी घेतली होती. तेथे तंबू ठोकून, गवताच्या झोपड्या घालून मुली नेल्या. प्लेगच्या इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांची जी आबाळ होई तीबद्दल बाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. मुंबईच्या गव्हर्नरांना ते चांगलेच झोंबले. सरकारची मदत असो वा डॉक्टरची, ती घेणाऱ्या बाईचे हाल झाले तर गप्प बसावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

मुली आल्या त्या कशा अवस्थेत! तोंडे आलेली, केसांत उवा, अंगावर चिंध्या. दिसेल ते अन्न लपवून ठेवीत, कारण उद्या मिळेल असा विश्वास नाही. त्यांच्यात एक भीती पसरलेली असे. या बाई आपल्याला खाऊपिऊ घालून लठ्ठ करतील आणि मग आगीवर उलटे टांगून आपले तेल काढतील! ही समजूत वाचून आपल्याला हसू येईल. पण पोरींचे तर्कशास्त्र चुकीचे नव्हते. जगात कोणी फुकट खाऊ घालीत नाही, त्यामागे काहीतरी घेणे असतेच, एवढे त्या दुष्काळात शिकल्या होत्या.

सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. बोस्टनची दहा वर्षांची मुदत संपली होती. आता येथे धर्माबाबत तटस्थतेचा करार नव्हता. ही संस्था ख्रिस्ती आहे, हे बाईंनी उघड सांगितले. लपवाछपवी केली नाही, ही त्यांची सचोटी. पण उपाशी मुलगी दारावरची पाटी वाचून आत येत नाही. शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांतल्या किती जणी मनाने आणि किती जणी भाकरीने, हे त्यांचे त्यांनाच माहीत. कित्येकींना स्वतःलाही सांगता आले नसते.

त्यानंतर आला छपन्नाचा दुष्काळ, १८९९-१९०० चा. गुजरातेत त्याने कहर केला. आपल्या बीड आणि औरंगाबाद जिल्ह्यांनाही झोडपून काढले. बाईंनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या बायकांना गुजरातेत पाठविले. त्यांनी शेकड्यांनी मुली आणल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शारदा सदनातल्या जुन्या विधवा आणि पहिल्या दुष्काळातून वाचलेल्या मुली आता दुसऱ्यांना वाचवावयास जात होत्या. नव्या मुलींच्या तुकड्या करून त्या जुन्यांच्या स्वाधीन केल्या जात. काल घेणारी होती ती आज देणारी झाली. बाईंच्या सबंध कारभारात मला हे सर्वांत मोलाचे वाटते. शेती, विणकाम, शिवण, तेलाची घाणी, छापखाना, सर्व कामे बायकाच करीत. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले जाई. अंगठा उठविणाऱ्या मुली लिहू लागल्या, हिशेब ठेवू लागल्या. बाई स्वतः साधे पांढरे लुगडे नेसत आणि जन्मभर शाकाहारी राहिल्या. परदेशी मदतनीस पुष्कळ आल्या, पण संस्था कोणत्याही परदेशी मिशनच्या हाताखाली बाईंनी जाऊ दिली नाही. वाँटेजचा धडा त्या विसरल्या नव्हत्या.

१९०५ मध्ये केडगावात प्रार्थनेची एक लाट उठली. मुली रात्र रात्र रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, तुकड्या करून आसपासच्या गावी जात. आलेल्या काही गोऱ्या पाहुण्यांना तो गोंगाट अशोभनीय वाटला. आपल्यातील सुशिक्षितांना तो खुळेपणा वाटला. बाईंनी मुलींना आवरले नाही. त्यांचे म्हणणे असे की, इंग्रजी पद्धतीने शांत बसूनच प्रार्थना झाली पाहिजे असे कोठे आहे? त्या लाटेविषयी काहीही मत असो, केडगावात मुलींचा आवाज बाईंच्या आवाजापेक्षा मोठा झाला तो त्या वेळी.

बाईंच्या टीकाकारांना विचारावेसे वाटते की, त्या गरीबखान्यांच्या दाराशी तुम्ही कोठे होता? अगदीच कोणी नव्हते असे नाही. त्याच १८९६-९७ मध्ये सार्वजनिक सभेची माणसे आपल्या मुलुखातील खेड्यांत हिंडून शेतकऱ्यांना सांगत होती की, दुष्काळात काम आणि सूट मिळणे हा सरकारच्या फॅमिन कोडाप्रमाणे तुमचा हक्क आहे. घेणाऱ्याला हक्क सांगणे ही मदतीची वेगळीच तऱ्हा, आणि ती बाईंच्या कामात नव्हती. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका सुकडी घेताना मान खाली घालीत नसत, कारण त्या कामाच्या दामावर उभ्या होत्या. पण आईबाप गमावलेल्या दहा वर्षांच्या पोरीला हक्क सांगून काय उपयोग? तिला हात धरून नेणारेच कोणी हवे होते. १८९६ मध्येच अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला; पुढे तो हिंगण्यास गेला. शारदा सदनावरचा लोकांचा विश्वास उडाला होता, हेही त्याचे एक कारण. तेथे धर्माची अडचण नव्हती, म्हणून समाजाने त्याला जवळ केले. मात्र दुष्काळी छावणीतली, जातपात न विचारता उचललेली मुलगी हिंगण्याच्या वाट्याला फारशी आली नाही. ती आली केडगावच्या.

अखेरची सतरा वर्षे बाईंनी बायबलाचे मराठी भाषांतर केले. विद्वानांसाठी नव्हे, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. म्हातारपणी त्या भाषा शिकून. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. मनोरमा आईच्या हाताखाली सर्व काम पाहत होती. बाईंच्या मागे तीच सांभाळणार हे ठरलेले होते. २४ जुलै १९२१ रोजी ती चाळिसाव्या वर्षी वारली. बाईंनी हातातले भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला तेव्हा ते पुरे झालेले होते. ग्रंथ १९२४ मध्ये छापून निघाला. तो मुक्ती सदनाच्या स्वतःच्या छापखान्यात छापला गेला, आणि त्याचे खिळे जुळविणाऱ्या बायकांत दुष्काळात आणलेल्या मुली होत्या.

केडगावची संस्था आजही चालू आहे. आपल्या जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडणीसाठी दौंडच्या बाजूला जाणाऱ्या टोळ्या त्याच परिसरात उतरतात.